एकतीस नंबरच्या मशीनवरचे दोरे

माझ्या मशीनच्या टेन्शनच्या चकतीला दुसऱ्या कुणी हात लावला की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी कुणाकुणाला काय बोलले ते ऐकून तुम्ही तोंडात बोटं घालणार नाही. वरचा दोरा किती ताणून धरायचा ते ही चकती ठरवते. प्रत्येकीचा हात वेगळा, म्हणून प्रत्येकीची चकती वेगळ्या जागी. तुम्ही डबा खायला गेलात, तेवढ्यात कुणी बया तुमच्या जागेवर बसली आणि तिनं चकती अर्धा वेढा फिरवली, की पुढच्या दहा शर्टांच्या टिपेला सुरकुत्या. आणि सुपरवायझर बोंबलणार तुमच्या नावानं.

म्हणून आमच्या शर्टांच्या कारखान्यात बायकांची एक रीत होती. मशीनवर रिळं लावायचा जो लोखंडी दांडा असतो, त्याला प्रत्येकीनं आपल्या रंगाचा एक दोरा बांधायचा. हे मशीन माझं, चकतीला हात लावू नका, एवढंच त्याचं म्हणणं. बाई आजारी पडली आणि बदली बाई बसली, तर तिनं आपला दोरा वर बांधायचा, खालच्याला शिवायचं नाही. ज्या बाईचा दोरा तिनंच तो सोडायचा, काम सोडून जाताना, स्वतःच्या हातानं, आणि घरी घेऊन जायचा. दुसरीकडे चांगलं काम मिळालं, गुडघे कुरकुरायला लागले, कारण काही का असेना, शेवटच्या दिवशी बाई गाठ सोडायला लागली की अख्ख्या लाइनीतल्या बायका पायट्यावरचा पाय काढून बसायच्या आणि मिनिटभर सगळी मशीनं गप्प व्हायची.

ही रीत मला शिकवली माझ्या थोरल्या जाऊबाईंनी. लग्न होऊन आले तेव्हा मला सरळ टीप मारता येत नव्हती. पहिल्याच महिन्यात त्यांनी ओळखलं की ही घरात बसली तर सगळ्यांचं डोकं खाणार, आणि मला कारखान्यात घेऊन गेल्या. सुई ओवण्यापासून शिकवलं. चुकले की हातावर फूटपट्टी, आणि घरी आल्यावर त्याच हाताला मलम. त्या स्वतः कॉलर लावायच्या. शर्टातलं सगळ्यात अवघड काम ते. कॉलरची दोन टोकं सारखी आली नाहीत तर शर्ट घालणारा माणूस कायम कुणावर तरी रुसल्यासारखा दिसतो, असं म्हणायच्या. एकतीस नंबरच्या मशीनवर त्यांनी एकोणीस वर्षं काढली. मशीनला त्या घरातल्यापेक्षा जास्त जपायच्या. रोज सुटी व्हायच्या आधी ब्रशनं कचरा काढणार, तेलाचे दोन थेंब सोडणार, आणि कापड धरून ठेवणाऱ्या दाबाखाली चिंधी ठेवून मगच उठणार. त्यांचा दोरा विटकरी रंगाचा होता.

आता दादा. दादा माझा मावसभाऊ, आमच्याच कारखान्यात मेकॅनिक होता. मागच्या खिशात कायम पाना खोचलेला, म्हणून सगळे त्याला पानाच म्हणायचे. नुसता आवाज ऐकून मशीनचं दुखणं सांगायचा. मग तो काम सोडून गेला, कुठे कुठे शिकला, कुठल्या कुठल्या कचेऱ्यांत फिरला, आणि सहा वर्षांनी परत आला तो कौशल्य प्रशिक्षण केंद्राचा प्रमुख होऊन. खिशातला पाना गेला होता आणि काखेत फाइल आली होती.

आल्या आल्या तो आमच्या घरी आला. आमच्या भागाची अवस्था तेव्हा वाईट होती. काचेचा कारखाना बंद, दोन्ही गिरण्या बंद, बाजाराच्या रस्त्यावर दहातली चार दुकानं कुलपात, आणि सकाळच्या पहिल्या बसला बॅगा घेतलेल्या तरुण पोरांची रांग. दादानं चहाचा कप बाजूला सारला आणि एका रद्दी कागदावर चित्र काढलं. मधे एक गोल, त्यात लिहिलं, मुलगी कामाला लागली. तिथून बाण: मुलगी बूट घेते. बूटवाला दुकानाला रंग काढतो. रंगारी खोली भाड्यानं घेतो. खोलीवाला छत दुरुस्त करतो. कागद भरला तरी त्याचे बाण संपेनात. केंद्रात तीन महिने शिकवायचं, मग कारखान्यानं मुलींना कामावर घ्यायचं, आणि पहिले तीन महिने त्यांचा पगार कारखान्यानं नव्हे, प्रकल्पानं द्यायचा. पुढे मुली कायम. अशा शे-दीडशे मुली लागल्या की हा अख्खा भाग पुन्हा उभा राहील, असं तो म्हणाला. शिकवायला त्याला हातात कसब असलेली बाई हवी होती, आणि ती बाई मी.

त्यानं मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं हे खरं, पण चढले मी माझ्या पायांनी. जाऊबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, जा, मी तुला शिकवलं, तू त्यांना शिकव. मी कारखान्यातला माझा दोरा सोडला, मशीनं थांबली, आणि मी शिकवणारी बाई झाले. केंद्र म्हणजे एक जुनं धान्याचं गोदाम होतं. वीस मशीनं, एक फळा, वर गरगरणारे तीन पंखे आणि चौथा नुसताच शोभेचा. प्रत्येक बॅचला मी एक रंग दिला. शेवटच्या दिवशी दाखल्याबरोबर हातभर दोरा द्यायची आणि फळ्यासमोर उभी राहून रीत सांगायची: बांधताना कशी गाठ मारायची, आणि जाताना आपल्या हातानं सोडायचा. पहिली बॅच लाल. मग निळी, पिवळी, हिरवी, नारिंगी. दादाचं ते बाणांचं चित्रही मी प्रत्येक बॅचला फळ्यावर काढून दाखवायची. मला ते पाठ झालं होतं.

लाल बॅच ज्या सोमवारी कारखान्यात लागली, त्याच सोमवारी सकाळी जाऊबाईंना फाटकावरून परत पाठवलं. बाहेरच्या ऑर्डरी तुटल्या, तिसरी लाइन बंद करतोय, असं पहारेकऱ्यानं यादी हातात धरून सांगितलं. आत जाऊन पाण्याची बाटलीसुद्धा आणू दिली नाही. त्यांच्यासारख्या आणखी एकोणीस जणी होत्या. वीस बायका बाहेर गेल्या, वीस मुली आत गेल्या, आणि मला, दिवसभर मापं घेणाऱ्या बाईला, हा हिशेब सुचला नाही. नव्या मुली नव्या शेडमध्ये बसतात असं दादानं सांगितलं होतं, आणि मी अक्कल गहाण ठेवून ते मानलं.

त्याच संध्याकाळी दादा घरी आला. जाऊबाईंसमोर खाली बसला, त्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "ताई, पहिली जागा निघाली की ती तुमची. हा माझा शब्द."

त्या शब्दावर आमच्या घरानं सव्वा वर्ष काढलं. जाऊबाई घरातल्या जुन्या मशीनवर शेजारणींच्या उसवलेल्या शिवणी घालायच्या. मी घरी आले की विचारायच्या, निघाली का गं जागा? पुढे पुढे विचारणं बंद झालं. नुसत्या माझ्या तोंडाकडे बघायच्या आणि चहा टाकायला उठायच्या. चपलेचा तळ दोनदा शिवून घेतला, नवीन घेतली नाही. स्वयंपाकघरावरचे पत्रे बदलायचं ठरलं होतं, ते राहिलं. पत्रेवाल्याला मी स्वतः नको म्हणून सांगून आले आणि दुसऱ्या दिवशी वर्गात बाणांचं चित्र काढलं. त्या चित्रात बाण मागे कसे फिरतात ते दाखवायची सोय नव्हती.

दादाला मी दर आठवड्याला विचारायची. तो म्हणायचा, जरा धीर धर. मुलींचं विचारलं तर म्हणायचा, पाखरं उडाली, तुझ्या हातची शिकलेली, त्यांना मोठ्या शहरात मागणी आहे. माझी छाती फुगायची. एकदा निळ्या बॅचमधली एक मुलगी बाजारात कांदे तोलताना दिसली. मी तिला चारचौघांत फैलावर घेतलं. एवढं शिकवलं, तुला एक नोकरी टिकवता आली नाही, असं आणि बरंच काही. ती मान खाली घालून तोलत राहिली आणि मला एक कांदा जास्त घातला. आज तो प्रसंग आठवला की मला माझ्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

मग एका मंगळवारी राजधानीतून एक अर्थतज्ज्ञ बाई आल्या. आमच्या प्रकल्पानं या भागाच्या अर्थव्यवस्थेचं किती भलं केलं, त्याचा अहवाल त्या लिहीत होत्या, आणि तो चांगला निघाला तर प्रकल्पाला आणखी तीन वर्षं मिळणार होती. दादाला अचानक कुठल्याशा बैठकीला जावं लागलं, म्हणून त्यांना कारखाना दाखवायला त्यानं त्याच्या मदतनिसाला पाठवायचं ठरवलं. मदतनीस तापानं आडवा पडला. दादाचा फोन लागेना. मग मीच उठले आणि बाईंना घेऊन गेले. केंद्रात शिकवायला लागल्यापासून मी कारखान्यात पाऊल ठेवलं नव्हतं.

तिसरी लाइन चालू होती.

मी त्या बाईंना तिथेच सोडून सरळ एकतीस नंबरकडे गेले. नारिंगी बॅचमधली माझी सगळ्यात हुशार मुलगी तिथे कॉलर लावत होती. मला बघून तिचा चेहरा उजळला. मी दांड्याकडे बघितलं. सगळ्यात खाली जाऊबाईंचा विटकरी दोरा. त्याच्यावर लाल. त्याच्यावर निळा. पिवळा, हिरवा, नारिंगी. तीस नंबरवर खाली कुणाचा तरी काळा दोरा, आणि वर तेच पाच रंग. बत्तीस नंबरवर तेच. मी वीसच्या वीस मशीनं बघितली. एकही गाठ सुटलेली नव्हती.

चांगल्या जागी जाणारी बाई दोरा मागे ठेवत नाही. हे मीच त्यांना शिकवलं होतं. म्हणजे यातली एकही आपल्या पायांनी गेली नव्हती. फाटकावर यादी वाचून, बाटलीसुद्धा घेऊ न देता, माझ्या शंभर मुलींना तसंच घालवलं होतं. नाही, शंभर कुठल्या, ऐंशी; नारिंगी अजून बसलेल्या होत्या. त्यांचे तीन महिने येत्या शुक्रवारी संपत होते.

ती मुलगी म्हणाली, "बाई, आमच्या आधीच्या एवढ्या घाईत का हो गेल्या? दोरेसुद्धा सोडले नाहीत." मग हसून म्हणाली, "मी मात्र सोडायची नाही. मला कायम करणार आहेत. सुपरवायझरनी सांगितलंय."

मी तिला म्हटलं, चकती एक घर सैल कर, टीप ओढतेय. टीप अजिबात ओढत नव्हती.

त्या अर्थतज्ज्ञ बाईंना मी तिथेच सगळं सांगितलं. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी प्रत्येक मशीनवरचे दोरे मोजले, फोटो काढले, लिहून घेतलं. मग विचारलं की ज्यांना काढलं त्यांचा काही कागद आहे का. कागद पहारेकऱ्याच्या हातात होता आणि तो सव्वा वर्षापूर्वी वाऱ्यावर गेला. त्या म्हणाल्या, त्यांच्या तक्त्यात किती जणींना काम मिळालं याचा रकाना आहे, त्या जागेवरून कोण उठलं याचा नाही. हे सांगताना त्यांनी चष्मा काढून हातात घेतला होता, एवढं मी त्यांच्या बाजूनं सांगेन.

तिथून मी तडक दादाच्या खोलीत गेले. तो परत आला होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण आवाज निघाला तो अगदीच बारीक.

"एकतीस नंबरवर किती दोरे आहेत ठाऊक आहे तुला?"

त्याला कळलं. त्यानं दार लावून घेतलं आणि मला बसायला सांगितलं. मी बसले नाही.

"पाच मुलींनी पगार घेतला," तो म्हणाला. "पाच घरांत पैसा गेला. यात खोटं काय आहे?"

"मशीन एकच आहे, दादा."

"अहवालात मशीनं मोजत नाहीत. माणसं मोजतात."

मग तो शांतपणे समजावायला लागला, मी एखादी अडलेली मोटर असल्यासारखा. कारखान्याकडे एकही जास्तीची जागा नव्हती. तीन महिने फुकट माणूस मिळतंय म्हटल्यावर ते तयार झाले, आणि तीन महिने संपले की पुन्हा फुकट माणूस मिळत असेल तर आधीचं कोण ठेवील? हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माणसं लागल्याचे आकडे दाखवले नाहीत तर केंद्र बंद, मग तोही घरी आणि मीही घरी. बाजारात दुकानं उघडलीत, तुला दिसत नाहीत का, असं त्यानं मलाच विचारलं. उघडली होती खरी. फॉर्म भरून देणारं एक, झेरॉक्सचं एक, आणि केंद्राला चहा पुरवणारं एक.

मी म्हटलं, आणि ताईंचं काय?

"ताई उठल्या नसत्या तर तुझी पहिली बॅच बसली असती कुठे?" तो म्हणाला. "कारखान्यानं मला विचारलं, कुठली मशीनं द्यायची. शिकाऊ मुलींना चांगली मशीनं नकोत? मी प्रत्येक मशीन ओळखतो. जी लाइन सगळ्यात नीट राखलेली, तीच सांगितली. एकतीस नंबर पहिलं."

"तू यादी दिलीस."

"मी मशीनांची दिली. बायकांची त्यांनी केली." त्यानं फाइल पुढे ओढली. "आणि प्रत्येक दाखल्यावर सही तुझी आहे, हे विसरू नकोस."

म्हणजे बाईनं रोज ब्रश मारला, तेल सोडलं, चिंधी ठेवली, म्हणून तिचं मशीन गेलं. आमच्या घरी चहा पिऊन, हात हातात घेऊन शब्द देणाऱ्या माणसानं ते दिलं. केसानं गळा कापणं म्हणतात ते यालाच. माझा सख्ख्या भावासारखा भाऊ होता तो. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. चहावाला दारापर्यंत येऊन परत गेला, यावरून समजा.

घरी जाऊबाई भांडी लावत होत्या. मी एका दमात सगळं सांगितलं. मला वाटलं त्या आदळआपट करतील. निदान रडतील तरी. त्यांनी हातातली ताटली पुसून जागेवर ठेवली.

"माझा दोरा आहे अजून?"

"आहे. सगळ्यात खाली."

त्यांनी दुसरी ताटली उचलून पुसली. मग म्हणाल्या, "लाल बॅचच्या दाखल्यांवर सही कुणाची?"

"माझी. पण ताई, शपथेवर सांगते, मला काही ठाऊक नव्हतं."

"तुला मी पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं? शिवलं की कापड उलटं करून बघायचं. तू एकदाही बघितलं नाहीस."

त्यानंतर आठवडा संपेपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. जेवण वाढायच्या, चहा द्यायच्या, पण नजर देत नव्हत्या. आमच्या पंचवीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

केंद्रात तेव्हा सहावी, पांढरी बॅच शिकत होती. मी ठरवलं, तिला तरी फसवायचं नाही. गुरुवारी दार लावून घेतलं आणि मुलींना सगळं खरं सांगितलं. सोमवारी तुम्ही जाल, तीन महिन्यांनी तुम्हाला काढतील, तुमच्या जागी पुढच्या बसतील. मला वाटलं वर्गात हलकल्लोळ होईल. कुणी मानसुद्धा वर केली नाही. मग मागच्या ओळीतली एक म्हणाली, ठाऊक आहे बाई, माझी बहीण पिवळ्या बॅचला होती. मी विचारलं, मग आलीस कशाला? ती म्हणाली, दुसरं काय आहे इथे? तीन महिने तर तीन महिने. आणि मग तिनं अगदी काळजीनं विचारलं, बाई, तुम्ही सही कराल ना?

वीस जणींपैकी सोळा जणींना ठाऊक होतं. आपली मुलगी कायम होणार असं खरोखर मानणारी त्या गोदामात बहुतेक मी एकटीच उरले होते. मी सह्या केल्या. न करून कुणाचा पगार बुडवला असता? दादाचा नव्हे.

शुक्रवारी दाखल्यांचा कार्यक्रम झाला. खुर्च्या, माइक, पाहुणे. अर्थतज्ज्ञ बाईंनी प्राथमिक निष्कर्ष वाचले. शंभर रोजगार, भागाच्या उत्पन्नात वाढ, प्रकल्पाला मुदतवाढ देण्याची शिफारस. शेवटी खाली मान घालून एक ओळ वाचली: काही यंत्रांवर एकापेक्षा अधिक प्रशिक्षणार्थींनी क्रमाने काम केल्याचे निरीक्षणास आले. एवढीच. विटकरी दोरा त्या ओळीत कुठेच नव्हता. दादानं सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या. त्याच वेळी कारखान्याच्या फाटकावर नारिंगी बॅचची यादी वाचून दाखवत होते, हे मला संध्याकाळी कळलं.

मी शनिवार-रविवार बसून राजीनामा लिहिला. चार वेळा फाडला, पाचव्यांदा चांगला झाला. सोमवारी नवी बॅच येणार होती, सातवी. हजेरी घ्यायची, राजीनामा दादाच्या टेबलावर ठेवायचा आणि घरी जाऊन जाऊबाईंचे पाय धरायचे, असं ठरवून निघाले. सकाळी त्या घरात दिसल्या नाहीत. वाटलं, बाजारात गेल्या असतील.

वर्गात गेले तर पहिल्या ओळीत, पंख्याखालच्या मशीनवर, जाऊबाई बसलेल्या.

केस नीट विंचरलेले, हात मांडीवर, समोर फॉर्म. आजूबाजूला अठरा-वीस वर्षांच्या पोरी. दारात दादा उभा होता. तो हळूच माझ्या कानाशी आला आणि म्हणाला, "शनिवारी स्वतः आल्या माझ्याकडे. बघ, पाळला ना मी शब्द?" त्याच्या चेहऱ्यावर खरोखर समाधान होतं. त्या माणसाला आपण काही चांगलं केलं असंच वाटत होतं.

मी फॉर्म उचलला. त्यात जाऊबाईंच्या अक्षरात लिहिलेलं होतं, या कामाचा पूर्वानुभव: नाही. त्याखाली माझ्या सहीची जागा. उमेदवाराला हे काम येत नाही याची मी खात्री केली आहे, असं तिथे छापलेलं असतं. आजवर सगळ्या फॉर्मांवर मी ते न वाचता सही केली होती.

मी वाकून हळू आवाजात म्हटलं, "ताई, हे काय करताय? उठा, घरी चला."

"बाई, सही करा."

पंचवीस वर्षं त्या मला अगं-तुगं करत आल्या. रागावल्या तरी अगं, लाडात आल्या तरी अगं. बाई त्या दिवशी पहिल्यांदा.

"मी सही नाही करणार. तुम्हाला तीन महिन्यांनी पुन्हा काढतील."

"ठाऊक आहे." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, मशीनकडे बघत होत्या. "तीन महिने इथे, तीन महिने माझ्या मशीनवर. या खेपेला मला दिवस ठाऊक असेल. आदल्या संध्याकाळी मी माझा दोरा माझ्या हातानं सोडीन आणि घरी घेऊन येईन. बाकीचं तुम्ही आणि तुमचे दादा बघून घ्या. करा सही."

मी सही केली. दादानं फॉर्म घेतला आणि फाइलला लावला. राजीनामा पर्समध्येच राहिला, कारण मी गेले असते तर त्यांना तीन महिने दुसऱ्या कुणा परक्या बाईसमोर अडाणी बनून बसावं लागलं असतं.

मी फळ्याजवळ गेले. शिकवायला सुरुवात केली. ही रीळ, हा दांडा, ही टेन्शनची चकती, हिला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही, आणि ही सुई. आता प्रत्येकीनं दोरा ओवून दाखवा. पोरी धडपडायला लागल्या, थुंकी लावून टोकं ओली करायला लागल्या. दादा अजून दारात उभा होता. ज्या बाईला मी डोळे मिटून सुई ओवताना बघितलं आहे, तिनं दोरा उचलला, सुईच्या उलट्या बाजूनं नेला, चुकवला, पुन्हा नेला, पुन्हा चुकवला, आणि हात वर केला.

"बाई, जमत नाही."

मी त्यांच्या मशीनपाशी गेले, त्यांचा हात हातात धरला आणि दोरा कुठून घालायचा ते दाखवलं.